चारावरून दहावर

त्या सांजदैनिकाच्या कचेरीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. डेस्कवरची पोरं त्यांना उसळीकाका म्हणत, तेही तोंडावर, आणि काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटे. मथळ्यात 'उसळी' हा शब्द त्यांच्यासारखा दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. सोन्याच्या दरात उसळी, तापाच्या रुग्णांत उसळी, घरफोड्यांत उसळी, कुत्रे चावण्याच्या घटनांत उसळी. एकदा तर त्यांनी वाचनालयाच्या सभासदसंख्येत उसळी आणली होती. सभासद वाढले होते नऊ.

"अरे, 'वाढ' म्हटलं की वाचक जांभई देतो," डेस्कवर नवीन आलेल्या माणसाला ते समजावत. "'उसळी' म्हटलं की चष्मा शोधायला लागतो. शिवाय अक्षरं तीन. एका कॉलमात बसतात. 'लक्षणीय वाढ' लिहून बघ, पाय कॉलमाबाहेर जातात."

कचेरीतल्या चहाचा दर वाढला की पोरं ओरडायची, "काका, उसळी!" कुणाच्या पोटाचा घेर वाढला तरी तेच. काका हसायचे आणि अंकाचं पान लावायला घ्यायचे.

कामाची रीत सोपी होती. मागचा आकडा डावीकडे, आताचा उजवीकडे. उजवा दणदणीत मोठा असला की झालं. त्याच्याही मागे काय होतं, गेल्या वर्षी काय होतं, हे बघत बसायला वेळ कुणाला? साडेबाराला पानं छापायला जायची आणि तीनला अंक रस्त्यावर. एका गल्लीत एका चोरीच्या दोन झाल्या की चोऱ्या दुप्पट. यात खोटं काहीच नव्हतं. आकड्याला काकांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता, आणि ही गोष्ट ते छाती पुढे काढून सांगत.

घरी ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मुख्य सिस्टर होती, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात. त्या महिन्यात तिला रात्रपाळी होती. सकाळी साडेसातला ती घरी यायची आणि आठला काका बाहेर पडायचे. बापलेकीच्या वाट्याला एवढा अर्धा तास यायचा. तो चहावर जायचा.

"तेराशे ऐंशी," चपला काढता काढता ती म्हणायची. "काल तेराशे पासष्ट होती."

हे पाहुणीचं वजन. दीड किलोच्या आतल्या बाळाला नाव ठेवायचं नाही, अशी त्या वॉर्डातल्या सिस्टरांची पद्धत होती. नाव ठेवलं की जीव गुंततो, आणि तिथे जीव गुंतवून भागत नाही. कागदावर नुसतं आईचं नाव आणि पेटीचा नंबर. पण दिवसरात्र ज्याच्या उशाशी उभं राहायचं त्याला नंबराने किती दिवस हाक मारणार? मग एकाला मुकादम म्हणायचं, एकाला बोका. ही अडीच महिने आधी, काही न कळवता आली, म्हणून पाहुणी. आली तेव्हा नऊशे साठ ग्रॅम होती. जीव गुंतू नये म्हणून काढलेलं ते नाव, आणि मुलीचा जीव त्यातच पुरता गुंतला होता.

पाहुणीचा बाप रंगारी होता. रोज कामावरून सुटला की रात्री आठला यायचा. आधी घासलेटने, मग साबणाने, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि तरीही पेटीपासून दोन हात लांब उभा राहायचा. रंगाचा वास तिला बाधेल, ही त्याला धास्ती. "सिस्टर, आज किती?" विचारायचा. पंधरा ग्रॅम वाढले म्हटलं की लॉटरी लागल्यासारखा हसायचा.

"अठराशेला घरी सोडणार," मुलगी सांगायची. "आणखी तीन-चार आठवडे. बाबा, रोज दहा ग्रॅम, पंधरा ग्रॅम. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"याला आमच्याकडे शब्द नाही. ही बातमीच नाही."

दोघं हसले होते. महिन्याच्या शेवटच्या सकाळी ती आणखीही काही सांगत होती. पलीकडच्या रुग्णालयातला असाच वॉर्ड छत गळतं म्हणून दुरुस्तीला काढला होता, आणि गावभरातली नाजूक बाळं आता हिच्याकडे येत होती. पेट्या कमी पडत होत्या. इतर वॉर्डांतून दिवे, गाद्या, माणसं मागून आणून कसंबसं निभावत होतं.

"गेल्या महिन्यात पंचावन्न बाळं होती, या महिन्यात एकशे सदतीस. अडीचपट! ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. अडीचपट," काका म्हणाले. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी पेपरचं पहिलं पान होतं आणि त्यातल्या एका मथळ्याचा त्यांना हेवा वाटत होता.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला आरोग्यवालीची बातमी काकांच्या पडद्यावर आली. त्यांच्याकडे बातमीदारांना खात्याच्या नावाने ओळखत. गुन्हेगारीच्या बातम्या आणतो तो पोलीस, नगरपालिकेच्या आणतो तो पालिका, आणि ही आरोग्यवाली. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण पोरगी कष्टाळू होती. मोठ्या रुग्णालयात नवजात बालकांचे मृत्यू, गेल्या महिन्यात चार, या महिन्यात दहा. सहा परिच्छेद. पहिल्या पानावर खालच्या बाजूला दोन कॉलम जागा.

काकांच्या बोटांनी मथळा आधी लिहिला आणि डोक्याने तो मागाहून वाचला. 'नवजात मृत्यूंत उसळी'. खाली छोट्या अक्षरांत, 'महिन्यात चारावरून दहावर'. चपखल बसला होता.

बारा वाजून पाच मिनिटांनी जाहिरात विभागाचा फोन आला. पलंगांच्या दुकानाची जाहिरात वाढली होती, पहिल्या पानावर आठ ओळी मोकळ्या करून हव्या होत्या. यालाही एक ठरलेली रीत होती, आणि ती जगभरच्या डेस्कवर सारखीच असावी. बातमी लांब झाली की शेपूट छाटायचं. महत्त्वाचं ते वर असतं, शेवटी असतो तो भरणा, असं प्रत्येक उपसंपादकाला पहिल्या दिवशी शिकवतात. काकांनी स्वतः पन्नास जणांना शिकवलं होतं. त्यांनी ओळी मोजल्या. शेवटचा परिच्छेद बरोबर आठ ओळींचा होता. त्यांनी तो निवडला, उडवला आणि पान छपाईला सोडलं. बातमी किती लांब आहे ते त्यांनी बघितलं. काय आहे ते बघितलं नाही.

तीनला अंक आला. आरोग्यवाली तो हातात घेऊन काकांच्या टेबलाशी आली.

"काका, माझा शेवटचा परिच्छेद?"

"जागा नव्हती गं. जाहिरात आली."

"पण तो महत्त्वाचा होता."

"मग शेवटी कशाला ठेवलास? महत्त्वाचं वर घ्यायचं, हे शिकवलंय ना तुला?"

ती ओशाळली. "चुकलंच माझं," म्हणाली आणि गेली. काकांनी डबा पिशवीत टाकला आणि घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी साडेसातला चहा ठेवला. आठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. मुलगी आली ती साडेअकराला, आणि आली ती भिंतीला टेकून तशीच जमिनीवर बसली. केस सुटले होते, एप्रनचा खिसा उसवून लोंबत होता.

"काय झालं?" काका घाबरले.

"तुमचा पेपर झाला, दुसरं काय व्हायचंय?"

काल संध्याकाळी पाचपासून दारात गर्दी होती, ती सांगू लागली. कुणीतरी मथळ्याचा फोटो काढला होता आणि तो घरोघरी फोनवर फिरला होता. आया रडत होत्या, आज्या शिव्याशाप देत होत्या. या वॉर्डात बाळं मरताहेत, काहीतरी रोग शिरलाय, हे लोक लपवताहेत. एका बाईने तिचा खिसा धरून विचारलं, खरं सांग, किती मारलीत?

"दहा गेली ते खरंच आहे, बाबा. दहाही जणांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पण बाळं अडीचपट आली म्हणून गेलेलीही अडीचपट झाली. शंभरात सात तेव्हाही जात होती, आताही सातच गेली. उलट एवढ्या गर्दीतही आठ होऊ दिली नाहीत आम्ही. घशाला कोरड पडेपर्यंत सांगितलं. कोण ऐकतंय? छापून आलंय म्हणतात."

"मग?"

"सहा जणांनी सह्या करून बाळं नेली. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून." ती थांबली. "पाहुणीलाही नेलं."

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"चौदाशे पंचावन्न होती. नळीने दूध घेते अजून, तोंडाने ओढता येत नाही तिला. तिच्या बापाला मी हात जोडले. बिचारा रडत होता. म्हणाला, सिस्टर, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण माझी बायको ऐकत नाही, माझी आई ऐकत नाही, पेपरात आलंय. शालीत गुंडाळून नेली. या थंडीत." मग तिचा आवाज चढला. "आणि ती तुमची आरोग्यवाली! मी तिला दोनदा सांगितलं होतं. बाळं किती वाढली ते लिही, नाहीतर लोक घाबरतील. तिने माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं. आणि छापताना नेमकं तेवढंच गाळलं! सनसनाटी हवी ना यांना. परत वॉर्डाच्या दारात दिसू दे, बाहेर काढते की नाही बघा."

काका चहा गाळत होते. आठ ओळी कोणत्या होत्या हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. पण खाई त्याला खवखवे.

सुट्टी असूनही ते कचेरीत गेले. बातमीदाराने पाठवलेला मूळ मजकूर तिथे महिनाभर जपून ठेवत. त्यांनी तो उघडला. सहावा परिच्छेद तिथे होता, जसाच्या तसा. शहरातला दुसरा मोठा कक्ष दुरुस्तीसाठी बंद असल्याने येथे दाखल होणाऱ्या बालकांची संख्या पंचावन्नवरून एकशे सदतीसवर गेली आहे. त्या प्रमाणात पाहता मृत्यू वाढलेले नाहीत, असे कक्षाच्या प्रमुख परिचारिकेने सांगितले.

कक्षाची प्रमुख परिचारिका म्हणजे त्यांची मुलगी. तिने हेच त्यांना चहाच्या टेबलावर आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी 'अडीचपट' हा शब्द तिच्यामागून म्हणूनही दाखवला होता. ते खुर्चीत बसून राहिले. आपल्या पोरीचं बोलणं आपण दोनदा ऐकलं नाही, एकदा कानाने आणि एकदा डोळ्याने, हे त्यांना कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते उठून संपादकांच्या खोलीत गेले. संपादक त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होते आणि त्यांना मान देत.

"साहेब, कालच्या बातमीचा खुलासा छापायला हवा. पहिल्या पानावर."

संपादकांनी मूळ मजकूर वाचला, छापलेली बातमी वाचली. "काका, चूक कुठे आहे? आकडा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मागच्या महिन्याचा?"

"तोही बरोबर."

"मग खुलासा कशाचा? चुकीच्या आकड्याचा खुलासा छापतात. बरोबर आकड्याचा कसा छापायचा?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आपण खुलासा केला की उद्या दुसरे पेपर आपल्यालाच झोडपतील. तो वॉर्ड सुधारला की छान मोठी बातमी करू. आरोग्यवालीला सांगतो मी."

"लोक बाळं घरी नेताहेत हो."

"ते वाईटच आहे," संपादक म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण आपण कुणाला न्या म्हटलं नव्हतं."

शेवटी काकांनी रडून-भेकून चार ओळींची जागा मिळवली. पान पाच, तळाला, नाट्यगृहाच्या वेळापत्रकाशेजारी. बाळं अडीचपट वाढल्याचं त्यात लिहिलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय? त्या चार ओळींचा फोटो काढून कुणी कुणाला पाठवला नाही.

पाहुणीला परत आणलं चौथ्या दिवशी, पहाटे. मुलगी त्या दिवशी वेळेवर, साडेसातला घरी आली. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि टेबलाशी येऊन बसली. वजन सांगितलं नाही.

"आणली तेव्हा गार होती," ती म्हणाली. "चमच्याने दूध पाजलं त्यांनी. श्वासनलिकेत गेलं असणार. घरच्यांनी केलं ते मायेनेच केलं. तिची आजी रात्रभर तिला पोटाशी धरून बसली होती. तरी चाळीस मिनिटं प्रयत्न केला आम्ही. डॉक्टर म्हणाले सिस्टर, बास. मी थांबले नाही. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला."

ती रडली नाही. काकाच रडले. तिने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही का रडताय बाबा, तुम्ही कुठे बघितलं होतं तिला?" असं म्हणाली. त्या हाताखाली काकांना जीव नकोसा झाला. सांगून टाकावं, असं जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण ती थकली होती, तिला झोप हवी होती, आता नको, संध्याकाळी बघू. अशी सबब मनाला दिली की मन लगेच ऐकतं. संध्याकाळी दुसरी सबब मिळाली. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी आरोग्यवाली त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. यावेळी तिच्या हातात काही नव्हतं.

"काका, तुमच्या मुलीने मला वॉर्डातून बाहेर काढलं. सगळ्यांसमोर. म्हणाल्या, बाळाच्या रक्ताची शाई केलीस."

काकांनी खाली बघितलं.

"मी तुमचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "मुलगी आहे ना तुमची. मी म्हटलं, चूक झाली, माफ करा. पण मला झोप येत नाही हो काका. मी तो परिच्छेद वर घ्यायला हवा होता का?"

"नाही," काका म्हणाले. "तू बरोबर लिहिलं होतंस. मी वाचलं नाही." एवढं तरी त्यांच्या तोंडून निघालं. पोरीचे डोळे भरून आले आणि ती पटकन तिथून निघून गेली.

आज घरी सांगायचंच, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पण त्या दिवसाचं अजून एक देणं बाकी होतं. पानं सुटल्यावर शिपाई सांगत आला, खाली कुणी भेटायला आलंय, उसळीची बातमी लिहिणारे साहेब कोण, असं विचारतंय. काका जिन्याने उतरले. बाकड्यावर एक किडकिडीत माणूस बसला होता. नखांच्या कडांना पांढरा रंग सुकलेला, हात कोपरापर्यंत घासून लाल झालेले. काकांनी त्याला कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. तो मारायला आला असेल तर मार खायचा, हात उचलायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

तो माणूस उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला. खिशातून घडी केलेला अंक काढला. घड्यांवर कागद विरत आला होता.

"हे तुम्हीच लिहिलंत का साहेब?"

"हो. वरचं मी लिहिलं."

"माझी मुलगी होती त्या वॉर्डात. हे वाचून मी तिला बाहेर काढली. चार दिवस घरी होती." तो शब्द जुळवत होता. "मग गेली. आता बायकोच्या माहेरचे लोक म्हणतात, तू काढलीस म्हणून गेली. माझी आई म्हणते, तिथे ठेवली असती तर त्याआधीच गेली असती, पेपरात होतं ना. बायको काहीच बोलत नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून म्हटलं, ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारावं. तुम्हाला आतलं माहीत असणार."

"काय विचारायचंय?"

"मी बरोबर केलं ना साहेब? तिथे राहिली असती तरी गेलीच असती ना?"

कचेरीच्या दारातून अंकांचे गठ्ठे बाहेर चालले होते. ते नेणारी माणसं 'सरका, सरका' म्हणत दोघांच्या मधून जात होती. काकांना खरं उत्तर माहीत होतं. चौदाशे पंचावन्न ग्रॅम, रोज पंधरा ग्रॅम, आणखी तीन आठवडे. खरं बोलणं हा त्यांचा धंदा होता. बरोबर आकडा, बरोबर तुलना. आज खरं बोललं तर हा माणूस घरी कुठल्या तोंडाने जाईल? आणि खोटं बोललं तर स्वतःचा गुन्हा त्याच खोट्याखाली झाकला जाईल, हेही त्यांना दिसत होतं.

"हो," काका म्हणाले. "गेलीच असती. तुम्ही बरोबर केलंत."

माणसाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं डोळ्यांना दिसलं. त्याने काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "चार दिवस तरी आईच्या कुशीत राहिली," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंत म्हणून." आणि त्याने त्यांचे आभार मानले. हे मात्र काकांना सोसलं नाही. ते जिन्याखालच्या मोरीत गेले, दार लावलं आणि नळ सोडून कितीतरी वेळ उभे राहिले.

घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. मुलगी झोपून उठली होती आणि टेबलावर चादर टाकून एप्रनला इस्त्री करत होती. काका पिशवीही न ठेवता तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पलंगांची जाहिरात, आठ ओळी, सहावा परिच्छेद. आरोग्यवालीचा काही दोष नाही. तिने सगळं लिहिलं होतं. कापलं ते मी.

इस्त्री एका जागी थांबली. मग मुलीने ती उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं.

"मी सांगितलेलंच होतं ते. त्या परिच्छेदात."

"हो."

"तुम्ही वाचलं होतं?"

"नाही. वाचलं असतं तर..."

"वाचलंच नव्हतं."

"नाही."

तिने बाहीची सुरकुती हातानेच सपाट केली. "वाचून कापलं असतंत तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "भांडता तरी आलं असतं तुमच्याशी."

काकांनी मग रंगाऱ्याचंही सांगितलं. तो काय विचारत होता आणि आपण काय उत्तर दिलं, ते शब्दन् शब्द सांगितलं. आभार मानल्याचंही सांगितलं. ती ऐकत होती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिने पुसलं नाही.

"त्या मुलीला मी काय नाही ते बोलले," ती म्हणाली. "उद्या जाऊन पाया पडायला हवं तिच्या."

तिने एप्रन अंगात घातला, बटणं लावली. ड्यूटीला अजून तीन तास होते, तरी ती तयार होत होती. काका होते तिथेच उभे होते, पिशवी खांद्याला तशीच. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"त्याला हो म्हणालात, ते बरं केलंत बाबा. तो जगेल त्यावर," ती म्हणाली. "पण तुमच्याबद्दल तसं मला विचारू नका."

काकांनी काहीच विचारलं नव्हतं. पण ते त्यासाठीच उभे होते, हे दोघांनाही कळत होतं.